वीज गेल्यावर मासे जगवायचे, आणि वीज आल्यावरही

16 मे 2021, रविवार. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत होतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या शेजारच्या भाटातला एक माड वाकला आणि तारा घेऊनच खाली आला. वीज गेली ती सोमवारी रात्री साडेअकराला आली. सदतीस तास. कोविडचा कर्फ्यू चालू, दुकानं बंद, बॅटरीवरचा पंप घरात नाही. माशांचा टँक तीन फुटी, साधारण दीडशे लिटरचा. त्यात सहा एंजल, डझनभर टेट्रा, चार कोरी आणि एक जुना सकर. मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने मगाने पाणी ओतत बसलो. त्या सदतीस तासांत एकही मासा गेला नाही.

वीज आली तेव्हा सगळं घर ओरडलं. पंखे फिरले, फिल्टरची घरघर ऐकू आली आणि आम्ही दोघे गाढ झोपलो. सकाळी उठून बघतो तर सहाही एंजल पाण्यावर आडवे, टेट्रांमधले निम्मे गेलेले आणि खोलीत सडक्या अंड्यांचा वास. अंधारात जगलेले मासे वीज आल्यावर मेले. त्याचं कारण टँकखालच्या कपाटात होतं, त्याबद्दल शेवटी सांगतो. दरवर्षी मिरग लागायच्या आधी कोणी ना कोणी विचारतंच, वीज गेली तर मासे कसे जगवायचे, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय.

आधी पाण्यात काय घडतं ते समजून घ्या

एअर स्टोनमधून निघणारे बुडबुडे पाण्यात प्राणवायू भरतात असा आपला समज असतो. त्यांचा थोडाफार वाटा असतो, पण बुडबुड्यांचं मुख्य काम वेगळंच आहे. ते तळाचं पाणी वर आणतात आणि वरचा थर सतत हलता ठेवतात. प्राणवायू पाण्यात शिरतो तो बहुतांशी या वरच्या थरातून. वीज गेली की पाणी निश्चल होतं. वरच्या बोटभर पाण्यात हवा असते, पण ती खाली पोहोचत नाही. खाली मासे, फिल्टरमधले जिवाणू, कुजणारं खाद्य आणि रात्रीच्या वेळी वनस्पतीसुद्धा तोच प्राणवायू वापरत असतात.

त्यात आपली हवा उबदार. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 8.2 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण 7.5. पाणी तापतं तसा साठा घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. म्हणून जुलैत भर पावसात गेलेल्या विजेपेक्षा मे महिन्यातल्या उकाड्यात गेलेली वीज जास्त धोक्याची. थंड प्रदेशातले लोक वीज गेली की टँकला गोधड्या गुंडाळतात. ते वाचून आपल्याकडेही काहीजण तेच करतात. करू नका. पावसाळ्यात गोव्यात पाणी इतकं गार होतच नाही, उलट गोधडीने हवा कोंडते.

किती वेळ हातात असतो? मासे थोडे आणि टँक पसरट असेल तर सहा-आठ तास काही न करताही सहसा निभावतात. दोन फुटी टँकमध्ये चार गोल्डफिश कोंबले असतील तर दोन तासांतच ते वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ही मंडळी प्राणवायूच्या बाबतीत खादाड. फायटर आणि गुरामी मात्र वर येऊन थेट हवा घेतात, आपल्या शेतातल्या मरळीसारखे. त्यांची काळजी सगळ्यात शेवटी करा. कोरीसुद्धा अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेऊन जाते, म्हणून एकटी कोरी वर धावली तर घाबरायचं कारण नाही. पण टेट्रा, बार्ब, एंजल असे सगळेच वरच्या थराला चिकटले आणि कल्ले भराभर उघडमिट करायला लागले, तर तो इशारा आहे.

मिरगाआधी घरात काय हवं

पहिली वस्तू म्हणजे यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप. तो एक-दोन वॅटच खातो. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत 37 वॅट-तास असतात, त्यातले पंचवीस-एक प्रत्यक्ष हाती लागतात. म्हणजे पंधरा तास धरून चाला. यात एक खोच आहे. बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर 'फोन भरला' असं समजून आपोआप बंद पडतात. वादळाच्या रात्री हे कळण्यापेक्षा एखाद्या रविवारी पंप जोडून तीन-चार तास चालतो का ते बघून ठेवा. स्वतःची बॅटरी असलेले आणि वीज जाताच आपोआप सुरू होणारे पंपही मिळतात. जमत असेल तर तोच घ्या, त्याचं कारण चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत कळेल.

दुसरी वस्तू स्पंज फिल्टर. टँकला कितीही भारी कॅनिस्टर (टँकखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असला तरी कोपऱ्यात एक साधा स्पंज फिल्टर कायम चालू असावा. वीज गेली की बॅटरीच्या पंपाची नळी त्यालाच जोडायची. बुडबुडेही मिळतात आणि स्पंजातले जिवाणूही जगतात. दोनशे-तीनशे रुपयांत एवढं काम करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

तिसरी वस्तू नॉन-रिटर्न व्हॉल्व. ही वाटाण्याएवढी गोष्ट विसरल्यामुळे माझ्या एका मित्राच्या हॉलमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर वीज जाताच नळीतून पाणी उलटं खाली उतरतं, पंपात शिरतं आणि तिथून फरशीवर. व्हॉल्व बसवा, नाहीतर पंप टँकपेक्षा उंच फळीवर ठेवा. त्याच हाताने एक्स्टेन्शन बोर्डही जमिनीवरून उचला आणि टँकच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. ओले हात, दमट भिंती आणि अंधार एकत्र आले की माशांच्या आधी आपला जीव जातो.

घरात इन्व्हर्टर असेल तर? 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात. निम्मेच वापरायचे म्हटलं तरी, चार-पाच वॅटचा एअर पंप आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा दहा-वीस वॅटचा खर्च मिळून दीड-दोन दिवस निघतात. त्यावर एक पंखा लावलात की हिशोब दहा तासांवर येतो. आमच्या घरी यावरून वाद होतो आणि दरवेळी पंखाच जिंकतो, म्हणून माशांचा पंप वेगळा ठेवलाय. हीटर आणि दिवे इन्व्हर्टरवर मुळीच नकोत.

पाण्याचीही सोय करून ठेवा. वीज गेली की थोड्या वेळाने इमारतीचा पंप थांबतो आणि नळही कोरडा पडतो. वादळाचा इशारा आला की दोन मोठ्या बादल्या भरून झाकून ठेवायच्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी अँटी-क्लोरीनची बाटली संपलेली नाही ना ते बघा. विहीर असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, शिवाय ताज्या उपशात प्राणवायू कमी असतो. ते थेट टँकमध्ये ओतायचं नाही. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून दहा-बारा वेळा ओतून मग वापरायचं.

आणि चवथ. गोव्यात टँक ठेवणाऱ्याची खरी परीक्षा तीच. आपण सगळे गावच्या घरी, गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली, आणि पणजीच्या किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये टँक एकटा. अशा वेळी आपोआप सुरू होणारा बॅटरी पंप स्पंज फिल्टरला जोडून जायचं. निघायच्या दोन दिवस आधी पंचवीस टक्के पाणी बदलायचं, शेवटच्या दिवशी खाद्य अगदी कमी द्यायचं आणि कॅनिस्टर असेल तर त्याच्या स्विचपाशी लाल चिंधी बांधून शेजारच्या काकांकडे चावीबरोबर एक चिठ्ठीही द्यायची: 'वीज गेली तर लाल चिंधीचा स्विच बंद करा. माशांना खायला घालू नका.' दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. शेजाऱ्यांच्या प्रेमाने टँकमध्ये पडलेलं मूठभर खाद्य मात्र पाणी नासवतं.

वीज गेली. पहिला अर्धा तास

टॉर्च शोधायच्या आधी टँकच्या प्लगपाशी जा. कॅनिस्टर, हीटर, टँकच्या काठाला टांगलेला फिल्टर, सगळ्यांचे स्विच बंद. कारण अंधारात बंद पडलेल्या वस्तूचा धोका नसतो, न सांगता परत सुरू होणाऱ्या वस्तूचा असतो. वनस्पतींचा टँक असेल आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सोलेनॉइड (वीज जाताच आपोआप बंद होणारी झडप) नसेल तर तो लगेच हाताने बंद करा. पाणी हलत नसताना तो वायू आत साचत जातो.

झाकण काढा आणि टँकवर मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुनी जाळी टाका. घाबरलेला मासा उडी मारतो आणि अंधारात मांजरही फिरत असतं.

खाद्य बंद. आमच्या आईला हे अजून पटत नाही. 'बिचारे अंधारात, वर उपाशी!' पण पोटात अन्न गेलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यातला विषारी अमोनियाही वाढतो. या घडीला दोन्ही परवडणारं नाही.

बॅटरीचा पंप असेल तर लावा. नसेल तर उगाच तासभर मग घेऊन बसू नका, आधी मासे बघा. शांत असतील तर शांत राहू द्या. वीज दीड तासात येते का, याचीही वाट बघा.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच दुकानदाराने सांगितली नव्हती. वीज गेली की भिंतीवरचं डासांचं मशीन बंद पडतं आणि घरात कोणीतरी डासांची कॉइल पेटवतं. कॉइलमधली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना फार विषारी असतात आणि बॅटरीचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. कॉइल, धूप, फवारा, सगळं दुसऱ्या खोलीत. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडकीपासून लांब. त्याच्या धुराने माणसं झोपेतच जातात.

चार-सहा तास झाले, पंप नाही

आता हात वापरायचे. मगाने टँकमधलंच पाणी घ्यायचं, वीतभर उंचीवरून बारीक धारेने परत सोडायचं. धपकन ओतायचं नाही, त्याने तळाचा गाळ उसळतो. धार पाण्यावर पडते तिथे पांढरे बुडबुडे उठतात आणि भोवताली तरंग पसरतात, तेच हवं. पाच मिनिटं ओता, वीस-पंचवीस मिनिटं थांबा. मासे खाली उतरून फिरायला लागले की ते पुरेसं आहे, वर आले की पुन्हा सुरू.

रात्रभर हे होत नाही, मनगट भरून येतं. मग बाटलीची युक्ती. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा तळ कापा, बुचाला तापवलेल्या टाचणीने दोन भोकं पाडा, बाटली उलटी करून टँकवर आडव्या टाकलेल्या केरसुणीच्या काठीला बांधा. टँकचं पाणी मगाने तिच्यात भरायचं, ते ठिबकत राहतं. धार पाण्यापासून वीतभर तरी उंच हवी. बाटली भरायला दर पंधरा-वीस मिनिटांनी उठावं लागतं, पण मधल्या वेळात डोळा लागतो. बादली आणि एअर पंपाची नळी असेल तर आणखी सोपं. बादली टँकपेक्षा उंच स्टुलावर ठेवायची, नळी तोंडाने ओढून पाणी सुरू करायचं आणि नळीला सैल गाठ मारून धार बारीक करायची.

मासे जास्त असतील तर ओतण्यापेक्षा विभागणी बरी. कपडे धुवायचे पसरट टब स्वच्छ धुवून घ्या. साबणाचा अंशही नको. निम्मं पाणी आणि निम्मे मासे त्यात. पाणी तेवढंच, पण हवेला लागणारा पृष्ठभाग दुप्पट-तिप्पट होतो. गोल्डफिशवाल्यांनी हे सगळ्यात आधी करावं.

पहाटेचा गजर लावा. तीन ते सहा ही वेळ वाईट. वनस्पती आणि शेवाळ रात्रभर प्राणवायू खर्च करत असतात, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी झालेला असतो. कोळंबीच्या तळ्यांवर पाणी घुसळणारी चक्रं पहाटे जोरात फिरतात ती याचसाठी. उजाडलं की खिडकी उघडा. वनस्पतींच्या टँकला तेवढ्या प्रकाशानेही फरक पडतो.

मे महिना असेल आणि पाणी 31-32 अंशांवर गेलं असेल, तर फ्रिजमधल्या शेवटच्या बर्फाची बाटली बंद झाकणासह टँकमध्ये तरंगती ठेवा. एका वेळी एकच. चार तासांत दोन अंश उतरलं तरी पुरे, झटका द्यायचा नाही.

खाऱ्या पाण्याच्या टँकला यातली सवलत लागू नाही. खाऱ्या पाण्यात मुळात प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो आणि पोवळ्यांना प्रवाहही लागतो. तसा टँक बॅटरी बॅकअपशिवाय गोव्यात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा दिवस लागला तर चाचणीचे थेंब काढून अमोनिया बघा आणि पंचवीस टक्के पाणी बदला. इथे पीएच सांभाळा. एकूण अमोनियातला विषारी भाग 7 पीएचला शेकडा एकापेक्षाही कमी असतो, तोच 8 ला पाचाच्या वर जातो. जुन्या, आम्लधर्मी झालेल्या टँकमध्ये एकदम जास्त पीएचचं पाणी भसकन ओतलंत तर आतापर्यंत निपचित असलेला अमोनिया अंगावर येतो. थोडं थोडं, तासाच्या अंतराने. आणि सगळंच हाताबाहेर चाललं असेल, तर ज्याच्याकडे वीज आहे अशा ओळखीच्याकडे मासे हलवा. दुकानदार पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून देतो, त्यात लहान मासा दिवसभर आरामात राहतो.

फिल्टरमधले जिवाणू

हा भाग लोक वगळतात, आणि मीही वगळला होता. फिल्टरच्या स्पंजावर आणि सिरॅमिकच्या नळकांड्यांवर जिवाणू राहतात, तेच अमोनिया पचवतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. टँक निदान वरून उघडा असतो, कॅनिस्टर म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. पाणी थांबलं की त्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, चांगले जिवाणू मरायला लागतात, गाळ सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच.

म्हणून वीज दोन तासांत आली नाही तर कॅनिस्टर उघडायचा. आतलं पाणी फेकून द्यायचं. मीडिया (आतला स्पंज आणि नळकांडी) पसरट ताटात किंवा टबात काढून त्यावर टँकचं पाणी शिंपडत राहायचं. बुडवायचं नाही, फक्त ओलं ठेवायचं. साचलेल्या पाण्यापेक्षा ओल्या, उघड्या मीडियाला हवा जास्त मिळते. स्पंज नळाखाली धरू नका, क्लोरीन जिवाणूंना मारतं. काठाला टांगलेल्या फिल्टरचा मीडिया जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्ये, जिथे धार पडते तिथे, लटकवला तरी चालतो.

वीज आली

त्या सोमवारी रात्री कॅनिस्टरचा स्विच चालूच होता. सदतीस तास सडलेलं काळं पाणी पंपाने एका दमात टँकमध्ये ढकललं आणि आम्ही घोरत होतो.

आता क्रम ठरलेला आहे. वीज आल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच लावायचं नाही, कारण लाइन दुरुस्त होताना वीज दोन-चार वेळा येते-जाते आणि दाबही वरखाली होतो. मग फक्त एअर पंप. मासे सावरले की पाणी बदलायचं, पंचवीस ते तीस टक्के. हीटर पाण्यात बुडालेला आहे याची खात्री झाल्याशिवाय तो लावायचा नाही, कोरडा तापला तर काच तडकते. काठाला टांगलेल्या फिल्टरमध्ये आधी मगाने पाणी भरायचं, नाहीतर मोटर कोरडी फिरून जळते.

कॅनिस्टर सगळ्यात शेवटी. डबा रिकामा, नळ्यांमधलं पाणीसुद्धा बादलीत ओतून टाकलेलं, मीडिया टँकच्या पाण्यात हलकासा खळबळून परत भरलेला. सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं बाहेर येणारी नळी टँकमध्ये नाही, बादलीत सोडायची. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं आलं तरच ती टँकमध्ये. बारा तासांपेक्षा जास्त वेळ बंद डब्यात राहिलेला मीडिया वास मारत असेल, तर मी तो सरळ उकळत्या पाण्याने धुवून नव्यासारखा धरतो आणि स्पंज फिल्टरवर भिस्त ठेवतो.

पहिल्या दिवशी खाद्य नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) बघायचं, थेंबांचा रंग जरा बदलला की लगेच पाणी बदलायचं. मेलेला मासा दिसला की त्याच क्षणी बाहेर, आणि दगडांमागे, लाकडाखाली हात घालूनही शोधायचं. आमच्याकडे एक टेट्रा तिसऱ्या दिवशी फिल्टरच्या जाळीमागे सापडला होता.

कॅनिस्टरच्या प्लगला तेव्हापासून लाल चिंधी बांधलेली आहे, आईच्या जुन्या लुगड्याची. वीज गेली की घरातलं जो कोणी जवळ असेल तो आधी तो प्लग काढतो. परवा सकाळी झाडलोट करताना आईने विचारलं, ही मळली, बदलू का? म्हटलं बदल, पण रंग लालच ठेव. ती म्हणाली, सकर बघत होता माझ्याकडे, त्याला खायला घातलंस का आज?